एकाच सीलमधून सगळी उपकरणं? खुलासा

‘एका छिद्रातून दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे एकाच रबरी सीलमधून सगळी उपकरणं घुसवतात’ असा मेसेज फिरतोय. तसं नसतं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात (मेसेजमध्ये म्हटलंय तशी ‘हवा’ नव्हे), साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने. तो दाब टिकवणं हे सीलचं काम. दोन पेन्सिली एकत्र धरून रबरबँड लावून बघा: दोन्हींच्या मधे, दोन्ही अंगांना तिकोनी फट उरते. गॅस तिथूनच निसटेल. म्हणून अशा पोर्टमध्ये (छिद्रात बसवलेल्या, उपकरणं आत घालायच्या साधनात) बहुधा प्रत्येक उपकरणाला वेगळं सील असतं, नाहीतर जाड जेलचं झाकण, जे प्रत्येक दांड्याभोवती स्वतंत्र आवळतं. उपकरण बाहेर काढल्यावर मिटणारी, बदकाच्या चोचीसारखी झडप ती आणखी निराळी.