स्क्रीनवरचा १९२ आणि कानातला ४८

गणपतीला डोंबिवलीहून आमचा आतेभाऊ आला. मी त्याला दादा म्हणतो. यंदा त्याच्या पिशवीत काडेपेटीएवढा एक यूएसबी डॅक (कंप्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देणारी डबी) होता आणि मोबाइलमध्ये एक मेसेज. मेसेज आमच्या आळीच्या ग्रुपवर आधीच तीनदा येऊन गेला होता, त्यामुळे बहुतेकांना पाठच होता. त्याचा गोषवारा असा: कंप्युटरवर ॲपमध्ये हाय-रेझ (जास्त तपशिलाचं) लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेलं) चालू करा, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे स्टुडिओतला मूळ मास्टर जसाच्या तसा घरी येतो. सीडी म्हणजे पायऱ्या, हाय-रेझ म्हणजे सलग वळण. २४ बिटमुळे बारीकसारीक आवाज उलगडतात. एमपीथ्रीत ९० टक्के गाणं फेकून दिलेलं असतं. जुनी गाणी हाय-रेझमध्ये ऐका, कधी न ऐकलेले सूर ऐकू येतील. शेवटची ओळ ठसक्यात: ज्याला फरक कळत नाही, त्याचे कान तयार नाहीत.

दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी तोच डॅक मागवायचं ठरवलं, तेव्हा लिहायला घेतलं.

“सीडी म्हणजे पायऱ्या, हाय-रेझ म्हणजे सलग वळण”

मेसेजसोबत एक चित्र होतं. एक गुळगुळीत लाट, आणि तिच्यावर जिन्यासारखी खाचेखाचेची रेघ. डोळ्यांना लगेच पटतं, आणि खोटं नेमकं तिथेच लपलंय.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत होडी घालणाऱ्याला भरती-ओहोटीचं कोष्टक लागतं. त्यात बहुतेक दिवशी चारच नोंदी असतात: दोन भरत्या, दोन ओहोट्या, वेळ आणि पाण्याची उंची. दुपारी तीनला पाणी किती असेल ते त्यात छापलेलं नसतं. तरी तो अंदाजाने बरोबर सांगतो, कारण पाणी सव्वासहा तासांत हळूहळूच चढतं. मध्येच दोन मीटर उसळून पाच मिनिटांत परत खाली येत नाही. बदलाचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर मोजक्या नोंदींवरून मधलं सगळं वळण काढता येतं. कोष्टकाची गोष्ट थोडी ढोबळ आहे. ध्वनीच्या बाबतीत मात्र हे गणिताने सिद्ध झालंय. हॅरी नायक्विस्ट या इंजिनिअरने १९२८ मध्ये पाया घातला आणि गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ मध्ये सिद्धान्त मांडला: ज्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज हवा, तिच्या दुपटीहून जास्त वेळा सेकंदाला मोजलंत, की मूळ लाट परत मिळते. साधारण अशीतशी नाही, तीच.

माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती सेकंदाला ४४,१०० नमुने (४४.१ किलोहर्ट्झ) घेऊन, म्हणजे दुपटीहून जास्तच. डॅकमधून बाहेर पडणारी लाट गुळगुळीतच असते. पायऱ्या फक्त चित्र काढणाऱ्याच्या कागदावर असतात.

आता कुणी म्हणेल, भरतीच्या वर लाटाही असतात, त्या कोष्टकात कुठे येतात? नाही येत. त्या पकडायच्या तर दर सेकंदाला मोजावं लागेल. १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने, तेच करतं, ९६ हजार हर्ट्झपर्यंतची कंपनं साठवून ठेवतं. आमच्या पोफळीच्या बागेत रात्री वटवाघळं येतात, त्यांना त्यातलं थोडंफार ऐकू येईल. मी बावन्न वर्षांचा आहे. मोबाइलवर चढत्या पट्टीची शिट्टी लावून पाहिली, बारा हजारांच्या पुढे माझ्यासाठी शांतता. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

“२४ बिटमुळे बारीकसारीक आवाज उलगडतात”

बिट म्हणजे एकेका नमुन्याची उंची लिहायला घेतलेली जागा. बिट वाढले की आवाज बारीक होत नाही, खालचा खरखरीचा थर आणखी खाली जातो. १६ बिटमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि तो थर यांत साधारण ९६ डेसिबलचं अंतर असतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४. कागदावर अशासाठी, की चांगल्यातले चांगले डॅकही १२० ते १३० च्या आसपास दमतात. आता आपली खोली बघा. रात्री, पंखा बंद, पाऊस नाही, तरी ३० डेसिबल कुठे गेले नाहीत. त्या ३० च्या वर ९६ ठेवा, कान दुखायच्या पातळीला पोचता. आषाढात पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना मोजायला जाऊच नका.

रेकॉर्डिंग करताना मात्र २४ बिट हवेच. गायक कधी एकदम वर जाईल ते माहीत नसतं, म्हणून पातळी खाली ठेवून जागा मोकळी ठेवतात. ती सोय स्टुडिओची आहे. बांधकामाला परात लागते म्हणून कोणी परातीत चहा पीत नाही.

“ॲपमध्ये चालू केलं की मास्टर थेट कानात”

सगळ्यांत जास्त माणसं फसतात ती इथे. दादाही फसला होता. त्याच्या लॅपटॉपवर ॲप ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ दाखवत होतं आणि तो तो आकडा सगळ्या पाहुण्यांना दाखवत होता. डॅकवर मात्र एक इवलासा दिवा असतो, किती किलोहर्ट्झ येतंय त्यानुसार रंग बदलतो. तो ४८ चा रंग दाखवत होता.

कारण असं. विंडोजवर एकाच वेळी गाणं, व्हॉट्सॲपची टिंग, ब्राउझरमधला व्हिडिओ असं सगळं वाजू शकतं. ते एकत्र करायला मध्ये एक मिक्सर बसलेला असतो. वेगवेगळ्या दराचे (सेकंदाला वेगवेगळे नमुने असलेले) आवाज तसेच मिसळता येत नाहीत, म्हणून तो सगळ्यांना एकाच दरावर आणतो. तो दर साउंड सेटिंगमध्ये त्या स्पीकरच्या किंवा डॅकच्या गुणधर्मांत ठरवलेला असतो, आणि पुष्कळदा तिथे ४८,००० लिहिलेलं आढळतं. ॲपने १९२ पाठवलं तरी मिक्सर ४८ करून पुढे देतो. सीडीच्या दर्जाचं ४४.१ पाठवलंत, तर त्याचंही ४८. ॲपला वाटतं आपण पाठवलं तेच गेलं. ते खोटं बोलत नाही, फाइलचा आकडा सांगतं. कानापर्यंत काय पोचलं हा त्याचा विषय नाही. ब्राउझरमध्ये लावलंत तरी वाट याच मिक्सरमधून जाते.

यातून सुटायचं असेल तर काही ॲपमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ असतो. तो चालू केला की ॲप मिक्सरला बाजूला सारून डॅक एकट्याच्या ताब्यात घेतं. खरोखर चालू झाला का, हे ओळखायची खूण सोपी: गाणं चालू असताना व्हॉट्सॲपची टिंग त्या डॅकवर वाजत असेल, तर झालेला नाही. तुमच्या ॲपमध्ये ती सोय नसेल, तर साउंड सेटिंगमधला दर हाताने बदला. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाचं छोटं साधन असतं, दर तिथे दिसतो आणि बदलता येतो.

दादाला मोड चालू करून दिला. दिव्याचा रंग बदलला. “आता बघ कसं वाजतं!” तो म्हणाला. मला तरी तसंच वाजलं. आजच्या विंडोजचं हे दर-बदलणं इतकं वाईट नसतं की गाणं नासेल. पण दोन दिवस ४८ ऐकून १९२ चं कौतुक झालं होतं, एवढं त्यातून कळलं.

ब्लूटूथचं दोन वाक्यांत. विंडोजच्या लॅपटॉपवरून ब्लूटूथ हेडफोनला आवाज जातो तो बहुतेकदा एसबीसी किंवा एएसी या आवाज दाबण्याच्या पद्धतींत, म्हणजे पुन्हा काटछाट करून. एलडॅक ही वरच्या दर्जाची पद्धत असली तरी तिची कमाल सेकंदाला ९९० किलोबिट, आणि साध्या सीडीलाच १,४११ लागतात.

“एमपीथ्रीत ९० टक्के गाणं फेकून देतात”

१२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत सीडीच्या मानाने नऊ टक्केच बिट उरतात, आकडा तिथून आला असावा. पण बिट म्हणजे गाणं नव्हे. फ्लॅक या लॉसलेस प्रकारच्या फाइलमध्येही साधारण निम्मे बिट कमी झालेले असतात आणि उघडल्यावर एकूण एक परत मिळतात. मग फ्लॅकमध्ये अर्धं गाणं हरवलं म्हणायचं का?

इथे मेसेजची एक बाजू मात्र मी घेईन. १२८ किलोबिटची फाइल खरंच वाईट वाजू शकते, आणि ती पकडायला डबलबारीच्या भजनासारखं दुसरं काही नाही. पखवाजाची थाप निभावून जाते. टाळ आणि झांज नाही निभावत, त्यांचा खणखणीतपणा पाण्यात बुडवल्यासारखा सळसळतो. मी ‘फूबार २०००’ या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये एबीएक्स चाचणी लावली. त्यात अ आणि ब माहीत असतात, क्ष त्यांपैकी कोणता ते न बघता ओळखायचं. १२८ विरुद्ध फ्लॅक, १६ पैकी १५ बरोबर. ३२० विरुद्ध फ्लॅक, १६ पैकी ९. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

म्हणून लॉसलेस घ्यायला माझी ना नाही. ॲपल म्युझिकने ते २०२१ मध्ये आणलं, स्पॉटिफायने २०२५ मध्ये, तेही २४ बिट ४४.१ पर्यंतच, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. १९२ चं तसं नाही. ते न दाबता तासाला चार जीबीच्या वर जातं, फ्लॅक करूनही दोनेक जीबी. आमच्याकडे पावसात फांदी पडून फायबर तुटतं आणि मग मोबाइलच्या दिवसाच्या पॅकवर गाडा चालतो. अशा वेळी बरीच ॲप गुपचूप खालच्या दर्जावर उतरतात.

“जुनी गाणी हाय-रेझमध्ये ऐका”

बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर वरची कंपनं मुळातच उतरलेली नाहीत. त्या १९२ ने मोजल्या तर खरखर अतिशय तपशिलात मिळेल. नंतरच्या टेपवरचं मोठ्या आवाजापासून खरखरीपर्यंतचं अंतरही १६ बिटमध्ये आरामात मावतं. तरीही नवी आवृत्ती कधी कधी खरंच सुंदर वाजते. ते श्रेय मूळ टेप शोधून, नीट वाजवून पुन्हा मास्टरिंग करणाऱ्याचं. तीच आवृत्ती सीडीच्या दर्जात उतरवली तरी तेवढीच सुंदर वाजेल.

हे तपासलंही गेलंय. मायर आणि मोरन यांचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हाय-रेझ डिस्कचा आवाज एकदा सरळ आणि एकदा मध्ये १६ बिट ४४.१ च्या चिमट्यातून काढून ऐकवला. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे ४९.८ टक्के. मेसेजवाल्यांच्या बाजूनेही एक शोधनिबंध आहे, तो लपवत नाही. संशोधक जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोग एकत्र मांडले, त्यात बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत ६० च्या वर. म्हणजे काही जणांना, सराव करून, कान टवकारून, काहीतरी कळतं. कधी न ऐकलेले सूर ऐकू यावेत इतकं ते नाही.

“फरक कळत नाही, त्याचे कान तयार नाहीत”

दादाने सगळ्यांसमोर प्रयोग केला होता. आधी यूट्यूबवर गाणं, मग तेच ॲपमध्ये. दुसऱ्या वेळी सगळे म्हणाले, वा! मीही म्हणालो. दुसरं गाणं मोठं वाजत होतं. बरीच ॲप वेगवेगळ्या गाण्यांची पातळी सारखी करतात, त्याने ते सेटिंग बंद केलं होतं. कानाला थोडा मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दोन्हीकडची पातळी जुळवून, त्याच्या पाठीमागे बसून मी बदलत राहिलो. १६ पैकी ७ वेळाच त्याला बरोबर ओळखता आलं. “पंखा चालू होता रे,” दादा म्हणाला. खरंच होता.

सोन्याच्या मुलाम्याच्या यूएसबी केबलचं कुणी विचारेल म्हणून सांगतो. केबल खराब असेल तर गाणं तुटतं, टकटक वाजतं, गोडवा कमी होत नाही. हां, समुद्राकाठी खाऱ्या हवेने हेडफोनच्या पिनांवर हिरवट थर धरतो, तिथे मुलाम्याला थोडा अर्थ आहे.

काकांना मी डॅक घेऊ नका असं नाही म्हणालो. त्यांच्या स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ ऐकू येत होतं, त्यांना वाटलं डॅकने जाईल. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहिला, हूं गेलं. मे महिन्यापासून त्यांच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी पाणी घातलं नव्हतं, आणि वरच्या पन्हाळीमुळे पावसाचंही तिथे पोचत नाही. इलेक्ट्रिशियन अनंत चतुर्दशीनंतर येतो म्हणालाय.