‘कंपोस्टेबल’ पिशवी कुंडीत पुरू नका

गच्चीत भाजी लावणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: मायक्रोप्लास्टिक हा समुद्राचा प्रश्न आहे, माती सगळं पचवते. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी कात्रीने बारीक कापून कुंडीत पुरा, सहा महिन्यांत उत्तम खत होईल. थोडे तुकडे उरले तरी झाड ते मुळातून घेत नाही.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीचा खतखड्डा मी बरीच वर्षं सांभाळते आहे. ओल्या कचऱ्यातून काय वेचावं लागतं ते हातांना माहीत आहे, म्हणून हे लिहिते.

‘समुद्राचा प्रश्न’ ही समजूत कुठून आली ते कळण्यासारखं आहे. २००४ साली ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी समुद्रातले आणि किनाऱ्यावरच्या वाळूतले प्लास्टिकचे सूक्ष्म कण दाखवले आणि तिथून ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रुळला. पण प्लास्टिक वापरलं जातं जमिनीवर, झिजतंही आधी इथेच. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. त्यात गाड्यांच्या टायरची झीज आली, पॉलिएस्टरच्या कपड्यांचे धागे आले, शेतातला फाटका मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरलेलं प्लास्टिक, आला. देवनारला १९२७पासून कचरा पडतोय. तिथला प्रत्येक कण खाडीत गेला असं कोण म्हणेल?

‘माती पचवते’ हे पालापाचोळ्याबद्दल, लाकडाबद्दल खरं आहे. ते कुजवणारे जीव मातीत कोट्यवधी वर्षं आहेत. पॉलिथिन आलं विसाव्या शतकात. ते ठिसूळ होतं मुख्यतः उन्हाने, आणि पुरलेल्या पिशवीला ऊन लागत नाही. म्हणजे पुरल्यावर ती जास्तच टिकते.

आता मुख्य मुद्दा, कंपोस्टेबल पिशवीचा. तिच्यासाठी आपल्याकडे आयएस १७०८८ हे मानक आहे. त्यातली १८० दिवसांची कसोटी औद्योगिक कंपोस्टिंगची आहे, साधारण ५८ अंश सेल्सियसला. सतत! आमच्या खड्ड्याचा मधला भाग तापतो, पण काही दिवसच; कडेचा कचरा कोमटच राहतो. गॅलरीतली कुंडी तर त्याच्या जवळपासही जात नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने पिशव्या मातीत पुरून पाहिल्या होत्या. निष्कर्ष २०१९मध्ये आले. कंपोस्टेबल पिशवी २७ महिन्यांनीही मातीत शाबूत दिसत होती, फक्त तिच्यात सामान भरलं की फाटत होती. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशवीतून तर तीन वर्षांनीही सामान नेता येत होतं.

आणि खत कसलं होणार? या पिशव्या बहुधा पीएलए आणि पीबीएटी या कुजू शकणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. त्यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. पिशवी कसोटीला पूर्ण उतरली तरी ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जायला हवा. झाडाच्या वाट्याला काय येणार?

बारीक कापण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. अख्खी पिशवी निदान ओढून काढता येते. कापलेली पिशवी म्हणजे आपण हाताने तयार केलेलं मायक्रोप्लास्टिक.

मुळांबद्दल. २०२०मध्ये गहू आणि लेट्यूसवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपमुळं फुटताना मुळाच्या सालीला ज्या भेगा पडतात, त्यांतून अतिसूक्ष्म कण आत गेल्याचं त्यात दिसलं. ते कण डोळ्यांना न दिसणारे होते आणि प्रयोग प्रयोगशाळेतला होता, म्हणून तुमच्या कुंडीतली मेथी विषारी झाली असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘झाड घेत नाही’ असं छातीठोक सांगणं चूक आहे. गांडुळांचंही तसंच: २०१६च्या एका प्रयोगात खाद्यात प्लास्टिकचे कण २८ टक्के किंवा जास्त मिसळल्यावर गांडुळं जास्त मेली. एवढं प्रमाण आपल्या कुंडीत नसतं, हे मान्य.

आमच्या खड्ड्यात येतं ते याहून साधं. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. सफरचंदावरचा स्टिकर. चहाचा कागदी कप, ज्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. हारातला नायलॉनचा दोरा. गणपतीनंतर निर्माल्य आम्ही थेट खड्ड्यात टाकत नाही. गच्चीत जुन्या चादरीवर पसरतो आणि चार-पाच जणी बसून दोरे, जरी, टिकल्या काढतो. दोन-तीन संध्याकाळी जातात. मग खत चाळताना चाळणीवर फारसं काही राहत नाही.

मेसेज वाचून ज्यांनी पिशवी कापून पुरली असेल, त्यांनी या आठवड्यात कुंडी उकरावी. माती वर्तमानपत्रावर पसरा, तुकडे वेचा. आता ते चिमटीत येतात.