दावणीबाहेरची गाय

इंग्लंडमधल्या आमच्या स्ट्राउड गावाच्या डोक्यावर रॉडबरोचा माळ आहे. १३ मेच्या सुमारास तिथं गायी सोडतात, मग थंडी पडेपर्यंत त्यांचंच राज्य. रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसतात, मोटारी मुकाट थांबतात. सगळ्याच थांबतात असं नाही. रात्रीच्या धडकेत गायी मरतात, म्हणून काहींच्या गळ्यात चमकणारे पट्टे असतात. खाली दरीत गिरण्यांच्या जुन्या इमारती आणि घरांची छपरं.

तिथला फोटो मी भावकीच्या ग्रुपवर टाकला. २०२४ च्या सप्टेंबरअखेर महाराष्ट्र सरकारनं देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' ठरवलं आणि गोशाळांना दर गायीमागं दिवसाला पन्नास रुपये जाहीर केले, तेव्हापासून तिथं दुसरा विषय नव्हता. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, लगेच विचारलं, "शेवटी खाटकाकडंच जातात ना रे ह्या?"

जातात. त्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण तोवर त्या चरतात, आणि त्यांच्या चरण्याला इथं किंमत आहे. गायींनी गवत आखूड ठेवलं की ऊन मातीपर्यंत पोचतं, उबदार मातीत एका जातीच्या तांबड्या मुंग्या टिकतात, आणि त्या मुंग्यांच्या वारुळात लार्ज ब्लू फुलपाखराची अळी वाढते. १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसं झालेलं हे फुलपाखरू. २०१९ मध्ये त्याच्या सुमारे अकराशे अळ्या या माळावर सोडल्या, पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरं उडाली.

इंग्रज शहाणे म्हणून हा माळ राहिला, असं मात्र मला वाटत नाही. १६०४ ते १९१४ या काळात यांच्या संसदेनं पाच हजारांहून जास्त कायदे करून अडुसष्ट लाख एकर जमिनीला कुंपणं घातली. गरिबाची गाय इथंही आधी कुंपणानंच गेली. उरलेल्या थोड्या सामायिक जमिनीतला हा एक तुकडा.

आमच्या माण तालुक्यातल्या गावाचं गायरान माझ्या डोळ्यांदेखत संपलं. आधी पाण्याची टाकी, मग एका पुढाऱ्याचं मंगल कार्यालय, आता सौरऊर्जेचे पत्रे. गायरानावर कसून खाणारी भूमिहीन घरंही आहेत. त्यांना उठवा असं मी म्हणणार नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांसाठीच्या सत्याग्रहात लोक उगाच तुरुंगात गेले नव्हते. पण मंगल कार्यालयाबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही. गाय मारायची की नाही यावर रात्र रात्र चालते. २०१५ च्या कायद्यानं बैलही हत्याबंदीत आले, मग तर विचारूच नका. तिनं चरायचं कुठं, हा विषयच निघत नाही. २०१९ च्या दुष्काळात अण्णांची जनावरं म्हसवडच्या छावणीत होती. ती परत आली ती थेट दावणीला.

मी अण्णांना फोन करून विचारलं, "तुमची गाय शेवटची माळावर कधी गेली?"

बराच वेळ पलीकडं नुसता खोकला. मग म्हणाले, "कडब्याची पेंडी कितीला झालीय, ते विचार की."