हिरवं दिसलं म्हणजे झालं

कोड तपासणारी टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली की आधी एवढंच बघा: चूक आपल्या कोडमध्ये आहे की कुणा तिसऱ्याच्या लायब्ररीत, म्हणजे आयत्या वापरलेल्या कोडमध्ये? लायब्ररीत निघाली तर सुटलात. दुरुस्त करायची जबाबदारी त्यांची, झाकायची तेवढी आपली.

समजा, तारखांची लायब्ररी ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवते आणि २८ फेब्रुवारीऐवजी ३ मार्च हातात ठेवते. यावर डोकेफोड कशाला? टेस्टमधल्या अपेक्षित उत्तराच्या जागी ३ मार्च लिहा. झाली हिरवी! फेब्रुवारीचं बिल ग्राहकाला मार्चमध्ये मिळेल, पण ग्राहक काही सीआयच्या, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पाइपलाइनमध्ये बसत नाही.

इतकं धाडस होत नसेल तर अख्खी लायब्ररीच मॉक करा, म्हणजे टेस्टपुरता तिच्या जागी तोतया बसवा. मॉक फार गुणी असतो, पढवाल तेच बोलतो. मग टेस्ट तुमचा कोड तपासतेय की तुमचीच पढवणी, असल्या शंका काढणाऱ्याला रिव्ह्यूअर नेमू नका.

कधी पास, कधी नापास असं होत असेल तर दोन सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसता थांबा, घाला. पुरला नाही तर पाच. तरीही नाही पुरला तर रिट्राय आहेच, पास होईपर्यंत पुन्हा चालवा.

लायब्ररीची आतली, अंडरस्कोरने सुरू होणारी फंक्शनं टेस्ट चालू असताना परस्पर बदलायलाही हरकत नाही. अंडरस्कोर म्हणजे ‘हात लावू नये’, पण पाट्या वाचतो कोण? वर कॉमेंट टाका: ‘तात्पुरती सोय, नंतर काढणे’. बगची लिंक किंवा आवृत्तीचा आकडा मात्र चुकूनही देऊ नका, नाहीतर कुणीतरी खरंच काढायला येईल.

पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनातल्या एक्सफेलपासून, म्हणजे ‘ही टेस्ट नापास होणं अपेक्षित आहे’ या खुणेपासून, तर चार हात लांबच राहा. त्याला स्ट्रिक्ट केलं, की मूळ बग दुरुस्त होऊन टेस्ट पास व्हायला लागल्याबरोबर तो तिला नापास ठरवतो, म्हणजे ठिगळ काढायची आठवण करून देतो. एवढी चुगलखोरी हवीय कुणाला? त्यापेक्षा टेस्ट चालवूच न देणारा स्किप बरा, कायमचा गप्प.

आणि एक दिवस लायब्ररीवाले बग खरोखरच दुरुस्त करतील. ३ मार्चवाली तुमची टेस्ट धाडकन लाल होईल. डगमगू नका. लॉक फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती वापरायची ते नोंदणाऱ्या फाइलमध्ये, जुनी आवृत्ती पक्की करा आणि त्यांच्याकडे नवा बग नोंदवा: ‘तुमच्या अपडेटने आमची टेस्ट मोडली.’ प्राधान्य अर्थातच ‘अतितातडीचं’.