खडकवासल्याची पदवी आणि मुलुंडची काळजी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भाच्याची निवड झाल्यापासून मुलुंडच्या घरात एकच वाद चालू आहे: त्याने संगणकशास्त्राची बी.एससी. घ्यावी, की स्वतःच्या आवडीप्रमाणे बी.ए. करावे. मेव्हण्यांचे म्हणणे असे की उद्या सैन्यातून बाहेर पडायची वेळ आली तर संगणक हाताशी असलेला बरा. भाचा मला फोन करून म्हणतो, ‘‘मावशी, तूच सांग बाबांना.’’

मी न्यूयॉर्क राज्यात न्यूबर्गला राहते, आणि १८०२ साली स्थापन झालेली वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आमच्यापासून फार दूर नाही. तेथे मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरतो, आणि इतिहास घेतला तरी गणित, भौतिकशास्त्र व अभियांत्रिकीचे काही अभ्यासक्रम कोणाला चुकत नसल्याने सगळ्यांना पदवी मिळते ती बॅचलर ऑफ सायन्सचीच. हे ऐकून मेव्हणे खूश झाले: ‘‘बघ, तिथेही सायन्सच!’’

मला मात्र आठवते ती आमच्या ओळखीच्यांची मुलगी, जी तेथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत असे. रविवारी आमच्याकडे वरणभात जेवून ती वही उघडायची, कारण तेथे धडा वर्गात जाण्यापूर्वी स्वतःच तयार करावा लागतो. आणि तिसऱ्या ओळीवर पेन्सिल हातात तशीच राहून तिला झोप लागायची. तिला विषय जड नव्हता, तास पुरत नव्हते, कारण कवायत आणि शारीरिक चाचण्यांचे गुणही क्रमवारीत धरले जातात.

अर्थात तेथे चार वर्षे असतात आणि खडकवासल्याला तीन, तेव्हा विषय उशिरा निवडण्याची चैन आपल्याकडे मागण्यात अर्थ नाही. सहा सत्रांत पीटी, ड्रिल, घोडेस्वारी, शिबिरे आणि वरिष्ठांचा रगडा सोसून जो विषय थकलेल्या डोक्यानेही वाचता येतो तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मेव्हण्यांची भीती खोटी नाही, पण तिचा हिशेब चुकतो. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळते ते साधारण वीस वर्षांच्या सेवेनंतर, आणि अठराव्या वर्षी शिकलेला संगणक तोवर शिळा झालेला असतो. शिवाय भाचा पुढे इंजिनिअर्स कोअरमध्ये गेला, तर अभियांत्रिकीच्या पदवीसाठी सैन्यच त्याला पुण्याजवळ दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये पाठवील. सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात गेला, तर मध्य प्रदेशातल्या महूला.

हे सगळे मेव्हण्यांना सांगितल्यावर त्यांनी दापोडीत कोणकोणत्या शाखा आहेत याची चौकशी सुरू केली आहे. भाच्याला अजून पोहता येत नाही, आणि खडकवासल्याला पोहण्याची चाचणी असते. मुलुंडच्याच कालिदासच्या तरणतलावावर त्याचे नाव घालण्याचा विषय मात्र घरात कोणी काढलेला नाही.