कोलोनच्या मनोऱ्यातल्या विटा

कोलोनचं कॅथीड्रल मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९४ साली, कामानिमित्त जर्मनीला गेलो होतो तेव्हा. १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे मान अवघडेपर्यंत बघितले, पण नजर अडकली ती खाली. उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या कोपऱ्यात, काळवंडलेल्या कोरीव दगडांच्या मधोमध साध्या विटांचं भलंमोठं ठिगळ. कसलीच नक्षी नाही. १९४३ मध्ये बॉम्बने तिथला दगड उडवला, तेव्हा मनोरा ढासळू नये म्हणून घाईघाईने विटा भरल्या होत्या.

गेल्या वर्षी बायकोला मुद्दाम तो कोपरा दाखवायला नेलं. विटा नव्हत्याच! २००५ पर्यंत त्यांच्यावर पुन्हा नक्षीदार दगड बसवून झाला होता. मी बोटाने जागा दाखवत राहिलो आणि ती म्हणाली, "मला तर सगळं सारखंच दिसतंय."

इतकं चोख काम करणाऱ्या पाथरवटांपुढे हात जोडतो. कॅथीड्रलची स्वतःची कार्यशाळा आहे, तिथे डागडुजी बारा महिने चालूच असते. पण विटा झाकायला नको होत्या, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कारण ही इमारत एका काळाची कधीच नव्हती. पाया घातला १२४८ साली. सोळाव्या शतकात काम थांबलं ते थांबलंच, आणि अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर लाकडी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी राहिली. कोलोनच्या जुन्या चित्रांत ती हमखास दिसते. पुढे दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा दोन तुकड्यांत सापडला, एक डार्मश्टाटला, दुसरा पॅरिसला. त्याबरहुकूम १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं. बाहेरून अस्सल गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या शैलीची, पण छताचा सांगाडा मात्र त्या काळच्या नव्या तंत्राने, लोखंडाचा!

आणि २००७ मध्ये दक्षिणेच्या मोठ्या खिडकीत जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी ७२ रंगांचे ११ हजारांहून जास्त काचेचे चौकोन बसवले. संत नाहीत, राजे नाहीत, नुसते रंग. ऊन आलं की ते फरशीवर सांडतात. तिथे आम्ही दोघं कितीतरी वेळ गप्प उभे होतो.

आजच्या काळाला खिडकीत अशी जागा मिळते, तर जीव मुठीत धरून विटा रचणाऱ्यांना मनोऱ्यात का मिळू नये?

१९९४ चा फोटो खाली टाकलाय. रंग उडालेत, पण डावीकडच्या मनोऱ्याच्या खालच्या भागात विटा स्पष्ट दिसतात.