जोडवी काळी पडली, तरी म्हणे समुद्र स्वच्छ!

जूनमध्ये पुन्हा मेक्सिकोतलं कॅनकुन आणि पुन्हा तेच! मुलांना सुट्ट्या लागल्या की ह्यूस्टनहून निघायला आम्हाला हीच वेळ जमते, आणि नेमका तेव्हाच सरगॅसमचा, म्हणजे समुद्रात तरंगत येणाऱ्या शेवाळाचा, हंगाम. फोटोत निळंशार पाणी. प्रत्यक्षात किनाऱ्यावर गुडघाभर तपकिरी शेवाळाचा बांध आणि चहाच्या रंगाच्या लाटा. दोन दिवस पडून ते सडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, सडक्या अंड्यांचा वास थेट खोलीत. माझ्या पायातली चांदीची जोडवी काळी पडली हो!

बुकिंग करताना हॉटेलवाल्यांना मुद्दाम विचारलं होतं. "हो हो, बीच एकदम स्वच्छ!" का खोटं बोलता? २०११ पासून कॅरिबियनमध्ये हे जवळजवळ दरवर्षी येतंय. पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत हजारो किलोमीटरचा पट्टा उपग्रहातून दिसतो, आणि तुम्हाला दारातलं दिसत नाही?

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? पहाटेपासून फावड्याने तो ओला, जड लगदा उपसणारी माणसं. दिवसभर त्याच वासात, तोंडाला साधा रुमालही नाही. आम्ही चार दिवसांनी घरी येतो, ती तिथेच असतात. अहो, निदान मास्क तरी द्या त्यांना!